सतरा भोंग्यांचे हिराजीकाका

आमच्याकडे पाहुणे जेवायला आले, की हात धुवून होईपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "ती हिराजीकाकांची गोष्ट सांग ना, कपडे वाळत घालायची!" मला आग्रह फारसा लागत नाही. मी सांगतो. दोन्ही मुलींना गोष्ट पाठ असल्यामुळे पुढचं वाक्य त्याच आधी बोलतात, बायको ताटं उचलता उचलता 'आटपा' अशी खूण करते, आणि कपड्यांपाशी सगळे पोट धरून हसले की मी थांबतो. त्यापुढचं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. आज लिहून काढतो.

नोकरी वेळेआधी सोडून आम्ही पळसदरीच्या धरणापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलं. चोवीस वर्षं मी विम्याच्या कचेरीत होतो. लोकांना चोरीची, आगीची भीती घालून पॉलिसी विकायची, हे माझं काम. त्यात लोक किती घाबरले ठाऊक नाही, मी मात्र कायमचा घाबरून गेलो. त्यामुळे नव्या घरात गॅसची शेगडी लागायच्या आधी चोराचा भोंगा लागला. मेव्हण्याने बसवून दिला. दारावर एक डोळा, भिंतीवर आकड्यांची पाटी, छपराखाली कर्णा. "घरात कोणी हललं की हा बोंबलणार. चार आकडे दाबले की गप्प. आकडे ताईच्या वाढदिवसाचे ठेवलेत, म्हणजे तुम्ही विसरणार नाही," असं सांगून तो डोंबिवलीला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या डोळ्यावरून पाल गेली. दाढ उपटताना डोक्यात जो आवाज होतो, तो काढून छपराला टांगला तर जसा होईल तसा आवाज सुरू झाला. मी पाटीपुढे उभा. शेजारी बायको. मला तारीख आठवत होती, महिना हुलकावणी देत होता. एकदा चुकलो, दोनदा चुकलो. बायको कानांवर हात ठेवून नुसती माझ्याकडे बघत होती.

"सांग ना!" मी ओरडलो.

"दाबा, दाबा. बावीस वर्षं झालीत," ती म्हणाली.

तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारा दिसला. उंच, वाळका, खाकी अर्धी विजार, वर पांढरा सदरा आणि टोपी. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की चालताना माणूस एका अंगाला कललेला. आत येण्याआधी त्यांनी लोखंडी फाटकावर तळहात टेकवला, क्षणभर डोळे मिटले, आणि मग देवळात शिरावं तसे सावकाश आत आले.

"नवीन साहेब ना तुमी? तुमीच. वैनी बऱ्या हायत? बऱ्या हायत. पानी येतंय ना नळाला? येतंय," ते म्हणाले. वर भोंगा किंचाळत होता आणि हे ओट्यावर बसून बोलावं तसे बोलत होते. "मी हिराजी. त्या धरनाकडल्या सतरा बंगल्यांच्या किल्ल्या माज्याकडं असतात. पाल आली जनू. ह्या दिसांत लई येतात." मग त्यांनी मीटरच्या खोक्यामागे हात घालून कसलीशी तार ओढली आणि भोंगा बंद पडला.

ते गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "काय माणूस आहे! एवढ्या कल्लोळात कपाळाला आठी नाही, आवाज चढवला नाही. पोहोचलेला माणूस."

"अहो, त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"छे!"

"स्वतःच विचारतात, स्वतःच उत्तर देतात. आपल्याला बोलायला जागा ठेवली का त्यांनी? न ऐकणारा माणूस मला लांबूनही ओळखता येतो."

शेवटचं वाक्य कोणासाठी होतं, यावर मी त्या दिवशी विचार केला नाही.

गावात चाळीसेक घरं, वर चढावर ठाकूरवाडी, आणि धरणाच्या अंगाला मुंबईकरांचे ते सतरा बंगले. शनिवारी जागे व्हायचे, रविवारी संध्याकाळी झोपायचे. मधले पाच दिवस तिथे फक्त भोंगे राहायचे. पाल, कोळी, वटवाघूळ, उघड्या खिडकीतला पडदा, जाऊन आलेली लाइट, काहीही त्यांना पुरत असे. एकदा एक भोंगा सोमवारी सुरू झाला तो बुधवारी बॅटरी मेल्यावर थांबला. शेवटी गावाने ग्रामसभा बोलावली. मी नवा नागरिक म्हणून उत्साहाने पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

"माजी म्हस तीन दिस पान्हा सोडंना," एक जण उठून म्हणाला. "तिला काय म्हाइत मुंबईवाल्याच्या घरात पाल शिरली ती!"

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ठराव वाचला. भोंगा असलेल्या प्रत्येक घराने ग्रामपंचायतीत नोंद करायची. भोंगा दहा मिनिटांत आपोआप बंद झाला पाहिजे. अर्ध्या तासात किल्ली घेऊन पोहोचेल अशा गावातल्या एका माणसाचं नाव द्यायचं. वर्षात तीन खोटे इशारे झाले, तर भोंग्याची जोडणी तोडायची.

"खोटा मंजे कसा खोटा?" मागून प्रश्न आला. "पाल आली ती तर खरीच आली ना?"

"चोर आला पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले.

"आन् चोर आला, त्यानं बगितलं, न्यायासारकं काय नाय म्हनून परत ग्येला, तर? त्यो खरा का खोटा?"

यावर पाऊण तास गेला. शेवटी सरपंचताईंनी टेबलावर हात आपटला. "जो मानूस किल्ली घेऊन जाईल, त्यानंच बगून वहीत कारन लिवायचं. त्यो सांगंल ते खरं." आणि तो माणूस म्हणून सतराच्या सतरा बंगलेवाल्यांनी हिराजीकाकांचंच नाव दिलं. अठरावं घर माझं, मीही त्यांचंच दिलं. काका भिंतीला टेकून बसले होते. सगळे त्यांच्याकडे वळले तेव्हा त्यांनी हसून मान डोलावली.

त्या वहीची पुढे तालुक्याला जाऊन चौकशी झाली असती तर मजा आली असती. 'कारण' या रकान्यात काका सुरुवातीला 'पाल' लिहीत, 'पुन्हा तीच पाल' लिहीत, 'वारा, डोंगराकडचा' लिहीत. नंतर नंतर ते पानोपानी एवढंच लिहू लागले : 'घरात कोणी नाही.'

"काका, हे कारण होत नाही. यावर खोटा इशारा धरून जोडणी तोडता येत नाही," भाऊसाहेब वहीवर बोट ठेवून म्हणाले.

काकांनी बोटाकडे बघितलं. "मंग काय लिवू? सगल्या खोल्या बगितल्या. कोनी नाय."

त्यांची फेरी ठरलेली होती. सकाळी एकदा, दुपारी जेवायच्या वेळी एकदा, आणि उन्हं कलल्यावर एकदा. प्रत्येक फाटकाला तळहात लावायचे. मला वाटायचं नमस्कार करतात. भोंगा चालू असेल तर लोखंड थरथरतं, हे मला पुढे कळलं. बगळे एकदम उठले, कुत्र्यांनी तोंडं वर केली, तरी ते कामातून मान काढून बघत. आत गेले की लगेच परत येत नसत. ठाकूरवाडीची कमळाबाई बंगल्यांत झाडलोट करायची. ती बायकोला सांगे, "म्हातारा एकेका घरात बसतो गं बाय. खुर्चीत नाय बसत, खाली बसतो. फोटो बगतो त्यांच्या लेकरांचं. कोन मोठा झाला, कोनाचं लगीन झालं, त्याला समदं म्हाइत."

बायकोचं म्हणणं खरं की खोटं, हे मला बघायचंच होतं. एका दुपारी काका आमच्या ओट्यावर पाठमोरे बसले असताना मी हळूच म्हटलं, "काका, चहा?" मग मोठ्याने म्हटलं. मग अगदी सभेत ओरडावं तसं म्हटलं. समोरून येणारी कमळाबाई थबकली आणि माझ्याकडे असं बघू लागली, की तिच्या नजरेवरून काकांनी ओळखलं. ते वळले. माझं तोंड अजून उघडंच होतं.

"वैनींनी वळखलं आसंल," ते म्हणाले. "ही कमळी बी वळखून हाय. बायांना कळतं."

साजगावला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशिनवर एकतीस वर्षं काढली होती त्यांनी. ट्रक ऐकू येई, ढग ऐकू येत, ढोल ऐकू येई. बारीक आवाज गेले होते : शिट्टी, घंटी, भोंगा, माणसाचं बोलणं; बाईमाणसाचा आवाज तर सगळ्यात आधी. "आमची ही ग्येली ना, ती शेवटी लई बोलायची. मी आपला हो हो म्हनायचो. काय सांगत व्हती कुनाला म्हाईत. कायतरी ठेवलेलं सांगत असंल, नायतर भांडत असंल." ते हसले. मी हसलो नाही. "भाऊ, कुनाला बोलू नका. किल्ल्या जातील. घरी बी कोनी नाय, तिकडं बी कोनी नाय. पन तिकडं जायला काम हाय."

मी मान हलवली. तोंडाने वचन देण्याची सोय नव्हती, त्यामुळे दोनतीनदा जोरात हलवली.

पुढच्या वर्षी ठरावात भर पडली. बंगलेवाल्यांनी भोंगे बसवणाऱ्या कंपनीशी बोलून ठेवलं होतं : भोंगा वाजला की कंपनीच्या कचेरीतून गावातल्या माणसाला फोन जाईल. त्याने उचलला नाही, तर त्याचं नाव यादीतून कमी करायचं. सरपंचताईंनाही पटलं. त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले. दुसऱ्यांदा आणि शेवटचं त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. "तुमचा नंबर लिवला तर चालंल? चालंल," असं म्हणाले, आणि मग उत्तर आपणच दिल्याचं लक्षात येऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

इथून पाहुण्यांची गोष्ट सुरू होते. मी हिराजीकाका झालो. फोन यायचा, "हिराजीभाई बोल रहे हैं?" आणि मी घसा खरवडून "हां, बोलतो" म्हणायचो. एकदा पलीकडची मुलगी म्हणाली, "अंकल, आपकी तबीयत ठीक है ना?" फोन ठेवला की मी धावत गच्चीवर. काका कुठेही असले तरी आमची गच्ची दिसे. दोरीवर आधी लाल टॉवेल टाकायचा. लाल टॉवेल म्हणजे भोंगा. त्यापुढे जितके कपडे, तितव्या नंबरचा बंगला. चादर म्हणजे दहा. सतरा नंबरच्या घरात कोळ्याचं जाळं झालं, की मला एक चादर आणि सात कपडे एका दमात टांगावे लागत.

"माझ्या पैठणीचं दोरीवर काय काम?" बायको खालून ओरडायची. "ती धुतलेली तरी आहे का!"

"नऊ नंबर आहे! एक कमी पडतोय!"

थोरली मुलगी कॉलेजला निघताना ओढणी शोधायची, तर ती चौदा नंबरच्या बंगल्यात गेलेली असायची. शेजारीण एकदा माझ्या सासूला फोनवर म्हणाली म्हणे, "जावईबापू फार मदत करतात हो. दिवसातून तीनतीनदा धुणं." काका पंधरा मिनिटांत त्या बंगल्यावर असायचे. काम उरकल्यावर त्या घराच्या पायरीवरून आमच्या गच्चीकडे बघून हात वर करायचे. मीही करायचो. आम्ही दोघं एवढ्या लांबून बोलायचो, आणि जवळ असताना बोलायचो त्याहून ते बरं व्हायचं.

पाहुणे इथपर्यंत हसतात.

फाल्गुनात कळंबला बायकोच्या भाचीचा साखरपुडा होता. आम्ही सकाळी निघालो. आदल्या दिवशी काकांना सांगायचं ठरलं होतं. मी विसरलो. यात भोंग्याचा, कंपनीचा, पंचायतीचा कोणाचा काही दोष नाही, मी विसरलो. मांडवात मी लोकांना हिराजीकाकांची नक्कल करून दाखवत होतो, फोन बायकोच्या पर्समध्ये होता, आणि पर्स आत खोलीत. तीन वाजता बघितलं तर अकरा वेळा फोन येऊन गेलेला.

जे झालं ते मला कमळाबाईने सांगितलं. दुपारच्या फेरीत काकांनी नऊ नंबरच्या फाटकाला हात लावला तेव्हा सगळं शांत होतं. ते आत गेले, पायरीवर बसले. ती पायरी त्यांनी निवडली होती, कारण तिथून आमची गच्ची सरळ दिसायची. भाकरी सोडली. आणि डोक्यावर, दोन हातांवर, भोंगा सुरू झाला. दहा मिनिटांनी थांबायचा तो बिघडला होता, थांबेना. रस्त्यावर माणसं जमली. धरणावर फिरायला आलेल्यांच्या गाड्या थांबल्या. म्हातारा भाकरी मोडतोय, कांद्याबरोबर खातोय, मधूनमधून मान वर करून लांब एका गच्चीकडे बघतोय. दोरी रिकामी. मग निवांत पुढचा घास. लोक आधी हसले. मग कोणीतरी मोबाइल काढला.

"मी पळत ग्येली," कमळाबाई म्हणाली. "खांद्याला हात लावला. त्यानं वर भोंग्याकडं बगितलं, मंग रस्त्यावरच्या मानसांकडं. मंग तुमच्या घराकडं बगितलं, भाऊ. भाकर तशीच फडक्यात बांदली."

त्या संध्याकाळी ते आले. आम्ही कुठे गेलो होतो, ते कमळाबाईने त्यांना खुणांनी सांगितलं असावं. मी ओट्यावर उभा होतो, काय खुणा करायच्या ते कळत नव्हतं. "साखरपुडा बरा झाला? बरा झाला. जेवन काय व्हतं? लाडू आसंल. बरं झालं," असं म्हणून ते गेले. एकही प्रश्न त्यांनी असा विचारला नाही, की ज्याचं उत्तर मला जड गेलं असतं.

ते चित्र मुंबईला सतरा घरी पोहोचायला दोन दिवस लागले नाहीत. ग्रामपंचायतीत बैठक झाली. मी उठून म्हटलं, चूक माझी आहे, फोन माझ्याकडे होता. सरपंचताई मायेनेच म्हणाल्या, "भाऊ, तुमी घरी असतं तरी ऐकू त्यांनाच आलं नसतं ना? उद्या खरंच चोर आत असला आन् काका एकटं आत ग्येलं, तर? मी कोनाला तोंड दाखवू?" मी खाली बसलो.

काकांनी जुडगा टेबलावर ठेवला आणि एकेक किल्ली सुटी करून भाऊसाहेबांपुढे सरकवू लागले. "ही तिनाची. नळ गळतो, बादली ठेवावी. ही पाचाची. बाईंची तुळस हाय मागं, एक दिसाआड पानी. ही आठाची. म्हातारबुवांचा फोटो हाय, हार सुकला की काडावा, त्यांना येळ नसतो. ही नवाची." नवाचं काही सांगितलं नाही. भाऊसाहेब आधी नुसते किल्ल्या घेत होते, मग त्यांनी कागद ओढून लिहून घ्यायला सुरुवात केली. अठरावी माझी. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

महिन्याभरात साजगावला राहणारा त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. तो आणि सून दोघंही कारखान्यात जात.

त्या दिवशी मी विसरलो, एवढं मला त्यांना सांगायचं होतं. ऐकू येत नाही म्हणून मी ते कागदावर लिहिलं. सात ओळी, चार वेळा फाडून. पावसाळा गेल्यावर एका दुपारी स्कूटर काढली, वालाच्या शेंगांची पिशवी पुढे अडकवली आणि साजगावला गेलो. खोलीला बाहेरून कुलूप होतं.

"म्हातारा आत हाय," शेजारची बाई दारातून म्हणाली. "दार वाजवलं तं ऐकत नाय, आन् उगडं ठेवलं तं निगून जातो. दोनदा हायवेपोत ग्येलता. म्हनून पोरगा कुलूप लावून जातो. सात वाजता येईल."

बाजूच्या बोळात खिडकी होती. गजांना धरून मी आत बघितलं. काका खिडकीकडे पाठ करून जमिनीवर बसले होते. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ. एकेक खडा उचलून शेजारी ठेवत होते. मी हाक मारली. शेजारच्या बाईने बोळात डोकावून बघितलं, म्हणून पुन्हा मारली नाही.

ऊन माझ्या पाठीवर होतं. माझी सावली गजांतून आत जाऊन नेमकी त्यांच्या सुपात पडली होती. मी हात हलवला असता तर तांदळावर हात हलला असता. ते वळले असते, हसले असते, आणि मग खिशातला तो कागद मला आत द्यावा लागला असता. मी हात हलवला नाही.

सुपात अंधारलं तसं त्यांना वाटलं असावं ढग आला. बसल्या बसल्या त्यांनी सूप दोन्ही हातांनी धरलं, वीतभर सरकवून उजेडात घेतलं आणि पुन्हा खडे वेचू लागले. मी जरा हललो असेन. सावली पुन्हा तांदळावर गेली. त्यांनी सूप पुन्हा सरकवलं.

तिसऱ्यांदा सरकवायला जागा नव्हती. पुढे भिंत होती. मी खिडकीतून बाजूला झालो.